एक वाजून वीस मिनिटांचा बार

आमच्या ऑफिसात कोणी ‘पायाखालची जमीन सरकली’ असं म्हणालं, की मी लगेच विचारते, किती मिलीमीटर? अठरा वर्षं हा विनोद चालू आहे आणि त्यावर मनापासून हसणारी मी एकटीच उरले आहे. पण जमीन सरकते हे खरं आहे. रोज सरकते. ती कधी, कुठे आणि किती सरकली याची नोंद ठेवण्याचा मला पगार मिळतो.

लोकांना वाटतं, भूकंपाच्या ऑफिसात दिवसभर काटे थरथरत असतील आणि आम्ही डोळे फाडून बसलेलो असू. तसं काही नाही. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, चार पडदे, एक कुरकुरणारा पंखा, आणि शेजारी यंत्रांसाठी थंडगार खोली, जिच्या दारावर ‘विनाकारण बसू नये’ अशी पाटी आहे. आसपासच्या डोंगरपट्ट्यात आमची नऊ यंत्रं पुरलेली आहेत. जमिनीला जरा खुट्ट झालं की ती कळवतात. पण त्यांना अक्कल नाही. ट्रक गेला तरी कळवतात, पंप सुरू झाला तरी कळवतात, एखाद्या गाईने कुंपणाला अंग घासलं तरी कळवतात. त्या कचऱ्यातून खरा धक्का वेचून काढायचा, म्हणजे धान्य निवडण्याचंच काम. मी ते चांगलं करते. हे मीच सांगते आहे, कारण आमचे साहेब कधीच सांगणार नाहीत.

सगळ्यांत जास्त डोकं खातात ते खाणीचे बार. इथून चाळीस किलोमीटरवर एक लहानसं गाव आहे आणि गावाला लागून दगडाची खाण. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची आणि एकदम उडवायची, याला बार काढणं म्हणतात. लहान धक्का आणि लहान बार पडद्यावर सख्खी भावंडं वाटतात. म्हणून ऑफिसचा नियम आहे: खाणीच्या आसपास, कामाच्या वेळेत काही हललं, तर खाणीत विचारून खात्री करायची. बार असेल तर त्यापुढे ‘खाण’ लिहायचं आणि तो मुख्य यादीतून काढून टाकायचा. नियम चांगला आहे. फक्त खाणीच्या ऑफिसातला फोन कोणी उचलत नसे. मात्र तिथे बार उडवणारा माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि तो माझा फोन पहिल्या रिंगला उचलायचा.

धाकट्याचं एकूणच उशिरा मार्गी लागलं. दुकान झालं, ड्रायव्हिंग झालं, कुठेच जम बसला नाही. तिशी उलटल्यावर त्याने स्फोटकं हाताळण्याची परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाला आणि खाणीत लागला. तेव्हापासून घरात त्याची कॉलर ताठ. त्याची मुलगी झाली तेव्हा बारवाल्याची मुलगी म्हणून आम्ही तिचं नाव टिकली पाडलं, खेळण्यातल्या पिस्तुलात घालतात ती टिकली. आता ती पाचवीत आहे, पण अंगापिंडाने अजून टिकलीएवढीच आहे.

तर आमचं दोघांचं रोजचं ठरलेलं बोलणं असं होतं. पडद्यावर खाणीपाशी काही उमटलं की मी फोन लावायची. “एक वाजून आठ मिनिटं. तुझाच ना?” तो म्हणायचा, “आमचाच, ताई. कसा होता?” मी म्हणायची, फुसका. तो हसायचा. मग मी ‘खाण’ असं लिहून ‘खात्री कोणी केली’ या रकान्यात ‘भाऊ’ असं टाकायची. खरं तर तिथे खाणीतल्या अधिकाऱ्याचं पद लिहायला हवं. साहेबांनी एकदा टोकलं होतं. मी म्हणाले, अधिकारी फोन उचलत नाही, भाऊ उचलतो. तुम्हाला पद हवं आहे की उत्तर? तेव्हा मला ते बोलणं फार झणझणीत वाटलं होतं.

गेल्या पाच-सहा महिन्यांत बार वाढले होते. बहुतेक दिवशी एक, कधी दोन. एकदा मी म्हणालेही, अख्खा डोंगर विकायला काढला आहे की काय तुझ्या मालकाने. तो म्हणाला, काम जोरात आहे.

याच काळात त्या गावातल्या शाळेच्या भिंतींना भेगा पडल्या. जुनी दगडी शाळा, तीनशे बारा मुलं, आणि त्यात आमची टिकली. सरकारी इंजिनिअरने आमच्या ऑफिसला पत्र लिहून विचारलं, की या भेगा खाणीच्या हादऱ्यांमुळे आहेत की जमिनीतच काही चाललं आहे? उत्तर मी लिहिलं. ‘सदर परिसर शांत असून नोंदलेले हादरे खाणकामाचे आहेत.’ खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. त्यावर विसंबून इंजिनिअरने भेगा बुजवल्या, खाणीला बार लहान काढण्याची तंबी देणारं पत्र धाडलं आणि शाळा चालू ठेवली. शांत हा शब्द माझा होता. मला तो आवडला होता.

त्या मंगळवारी आमचे तारमास्तर खाणीवर गेले. तारमास्तर म्हणजे आमचे तंत्रज्ञ. वय अठ्ठावन्न, गुडघे ऐंशीचे, आणि तारेला हात लावला की बिघाड सांगणार. खाणीच्या अगदी तोंडाशी एक लहान यंत्र बसवायचं ठरलं होतं, म्हणजे बार कोणते आणि धक्के कोणते हा घोळ कायमचा मिटेल. धाकट्याला मी हे सांगितलं नव्हतं. अचानक माझी माणसं समोर बघून त्याची कशी तारांबळ उडते, ते ऐकायचं होतं.

एक वाजून बारा मिनिटांनी तारमास्तरांचा फोन आला. आवाजात नेहमीची कुरकुर होती. गेटला कुलूप आहे म्हणाले. कुलपाला गंज आहे. रस्त्यावर कमरेएवढं गवत वाढलं आहे आणि त्या गवतातून आपले गुडघे घेऊन ते चालत आले आहेत, याची नोंद घ्यावी.

मी म्हणाले, तुम्ही चुकीच्या खाणीवर गेला असाल.

“बाई, गावाला खाण एकच आहे,” ते म्हणाले. “इथे एक पहारेकरी आहे. तो म्हणतो, सात महिने झाले बंद होऊन. यंत्रंसुद्धा उचलून नेली.”

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून पहारेकऱ्यावर आला. मी म्हणाले, तो झोपेत असेल, माझा भाऊ रोज तिथे बार काढतो. तारमास्तरांनी फोन पहारेकऱ्याकडे दिला. पहारेकरी शांतपणे म्हणाला, की शेवटचा बार निघाला तेव्हा तो हजर होता, सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हाही हजर होता, आणि बारवाला कुठल्याशा गोदामात खोकी भरायला जातो असं त्याच्या कानावर आहे.

मी काहीतरी उत्तर देणार होते. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर रेघ उसळली.

एक वाजून वीस मिनिटं. खाणीचा परिसर. चांगला ठसठशीत, गेल्या महिन्याभरातला सगळ्यांत मोठा. फोन परत तारमास्तरांच्या हातात गेला होता. मी विचारलं, “आत्ता तिथे बार झाला का?”

“बार कोण काढणार इथे, चिमण्या?” ते म्हणाले, आणि थांबले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “बाई, पण पाय हलले. माझे आणि ह्याचेसुद्धा. गेटचं कुलूप वाजलं.”

माझी दातखीळ बसली. खरंच बसली, हा शब्दाचा खेळ नाही. जबडा उघडेना. पंख्याची कुरकुर, साहेबांच्या केबिनमधला चमच्याचा आवाज, सगळं ऐकू येत होतं आणि मी त्या रेघेकडे बघत बसले होते. अठरा वर्षांत मी हजारो रेघा पाहिल्या. एकीनेही माझ्याकडे असं उलट पाहिलं नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, तिचा मला अजून नीट अर्थ लागलेला नाही. मी नेहमीप्रमाणे धाकट्याला फोन लावला.

“एक वाजून वीस,” मी म्हणाले. “तुझाच ना?”

“आमचाच, ताई,” तो म्हणाला. “आज जरा मोठा होता, नाही?”

इतका सहज. इतका गोड. मागे कुठेतरी चिकटपट्टी ओढल्याचा चर्रकन आवाज आला, खोक्यांवर लावतात तिचा. गंमत म्हणजे त्याने हादरा जाणवल्याचंही सांगितलं होतं, फक्त कोणाचा ते खोटं होतं. मी एवढंच म्हणाले, की थांब, करते परत, आणि फोन ठेवला.

नोंदवही उघडली. सात महिने मागे गेले. ‘खाण, भाऊ. खाण, भाऊ. खाण, भाऊ.’ एकशे त्रेसष्ट वेळा. माझ्याच हातचं टायपिंग. त्यात एकोणीस रविवार होते. सुट्टीच्या दिवशी खाण चालत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि एक दुपार अशी होती, की त्या दिवशी धाकटा माझ्याच घरी माझ्यासमोर जेवत होता. फोनवर सूचना वाजली तेव्हा मी त्याला ताटावरच विचारलं होतं, तू इथे आणि बार तिथे? तो खाली मान घालून म्हणाला होता, हल्ली माझ्यावाचूनही काढतात. आणि मी ते लिहिलं. खाण, भाऊ. म्हणजे मी विचारत नव्हतेच. मी त्याच्याकडून हो म्हणवून घेत होते, कारण हो म्हटलं की माझं काम एका ओळीत संपत होतं.

रात्रीचे धक्के मी यादीत ठेवत होते, तेवढं डोकं शाबूत होतं. पण दिवसाचे सगळे काढून टाकल्यावर ते एकटेदुकटे उरायचे आणि नेहमीचे वाटायचे. एकच चित्र फाडून मी दोन फायलींत ठेवलं होतं. आता दोन्ही तुकडे जोडले आणि सगळे ठिपके नकाशावर टाकले. खाणीपाशी पुंजका नव्हताच. ठिपक्यांची एक रांग होती. पहिले महिने खाणीजवळ, मग थोडे उत्तरेला, मग आणखी थोडे. खोली मी शून्य धरली होती, बार म्हणून. नीट मोजली तर तीन-चार किलोमीटर भरली. गेल्या दोन आठवड्यांतले ठिपके गावाच्या घरांखाली होते. जमिनीत काहीतरी उसवत चाललं होतं.

शाळेच्या आवारात आमचा एक खांब आहे. जमीन किती वर आली, किती बाजूला गेली, हे तो उपग्रहाच्या मदतीने सांगतो. पाच महिन्यांत तो चौदा मिलीमीटर वर आला होता. पोरं चढतात त्यावर, कललाय, असं साहेब म्हणाले होते. मी मान डोलावली होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले ती दार न वाजवता. त्यांनी नकाशा पाहिला आणि चमचा बशीत ठेवला. साहेब वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. ते म्हणाले, मोठा धक्का येईलच असं कोण सांगणार? मी म्हणाले, कोणीच नाही, पण शांत आहे असं आपण सांगितलंय. ते म्हणाले, आकडेमोड परत तपासू, उद्या सकाळी जिल्ह्याला पत्र पाठवू. उद्या सकाळी. मी बाहेर आले.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, की त्यांच्याकडे आमच्याच ऑफिसचं शिक्क्याचं पत्र आहे. त्यात शांत लिहिलं आहे. त्यांनी शिक्का खरा मानायचा की फोनवरची बाई? मी म्हणाले, ते पत्र मीच लिहिलं. त्या म्हणाल्या, मग नवीन लिहून पाठवा. मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं हेही कळत होतं.

मग धाकट्याला फोन केला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“माझा माणूस आत्ता खाणीच्या गेटपाशी उभा आहे,” मी म्हणाले.

पलीकडे चिकटपट्टी ओढणं थांबलं.

“सात महिने,” मी म्हणाले.

“घरी कोणाला माहीत नाही, ताई,” तो म्हणाला. आवाज पार बसला होता. “हिलापण नाही. मजूर सगळे परगावचे होते, आणि हादरे बसतायत म्हणून गावालाही खाण चालूच वाटते. सांगणार होतो. पण तू रोज विचारायचीस ना, तुझाच ना म्हणून. तेवढ्यापुरती नोकरी असायची. मला काय ठाऊक, माझ्या हो म्हणण्याने काही होतं. मला वाटलं, तुला हलल्याचं कळलंय म्हणजे बाकीचंही कळत असेल. तू एवढी हुशार.”

एरवी मी त्याला सोलून काढला असता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, ते बार नव्हते, भूकंप होते, शाळेखाली आलेत, टिकलीला बाहेर काढ. टिकलीला. तीनशे बारा मुलांची शाळा आणि मला एकच दिसली. माझ्या लक्षात येण्याआधी धाकट्यानेच विचारलं, “आणि बाकीची?”

त्याचं गोदाम शाळेपासून दोन गल्ल्यांवर होतं. मी म्हणाले, फोन बंद करू नकोस. त्याने तो तसाच शर्टाच्या खिशात टाकला आणि पळत सुटला. पुढचं सगळं मी त्या खिशातून ऐकलं. धाप, चपलांचा आवाज, शाळेचं फाटक, शिपायाशी हुज्जत. मग मुख्याध्यापिकांचा तोच सभ्य आवाज. धाकटा त्यांना म्हणाला, मुलं बाहेर काढा. त्या म्हणाल्या, तुम्ही कोण, पालक ना? खाणीतले ना तुम्ही? भूकंपाच्या ऑफिसचं पत्र आहे माझ्याकडे, हादरे तुमचेच आहेत. जरा बार लहान काढा, म्हणजे भिंती हलणार नाहीत.

थोडा वेळ नुसता कापडाचा खरखर आवाज आला. मग धाकटा मोठ्याने बोलला. तो व्हरांड्यात उभा होता, आजूबाजूला वर्ग होते, सगळ्यांना ऐकू जात असणार.

“खाण सात महिन्यांपूर्वी बंद झाली,” तो म्हणाला. “मी गोदामात खोकी भरतो. मी घरी खोटं सांगितलं, बहिणीला खोटं सांगितलं. माझ्या खोट्यावर ते पत्र लिहिलंय. या भिंती मी हलवलेल्या नाहीत.”

कोणीतरी खुदकन हसलं, मोठा वर्ग असावा. मग कोणीच हसलं नाही. दोन मिनिटांनी घंटा झाली, वेळ नसताना.

अडीच वाजेपर्यंत तीनशे बारा मुलं मैदानात होती. मी खुर्चीत मागे टेकले आणि तेव्हा कुठे कळलं, की माझा ब्लाउज पाठीला चिकटला आहे. आता संपलं असं मला वाटलं. पण संपतं कुठे? पावणेतीन झाले, तीन झाले, काही होईना. पडद्यावर रेघा अशा गुपचूप, की कोणी मला खोटं पाडायला मुद्दाम बसवल्यासारख्या. धाकट्याने फोन खिशातून काढून हातात घेतला होता, अधूनमधून सांगत होता. ऊन लागतंय. पोरं कंटाळलीत. एक बाई म्हणतेय, बारवाल्याने बिनदारूचा बार काढला. तो हे सांगून हसला, आणि मला त्याची इतकी कणव आली, की मी पडद्याकडे बघून मनात म्हणाले, येऊ दे एकदाचा.

ते मनात आलं आणि मी हादरले. अठरा वर्षं ज्या गोष्टीवर मी पहारा ठेवला, ती यावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. कशासाठी? माझं आणि माझ्या भावाचं तोंड उजळावं म्हणून. मी उठून तोंडावर पाणी मारून आले. आरशात बघितलं नाही.

पावणेचारला धाकट्याचा आवाज बदलला. चार वाजता मुलांना न्यायला गाड्या येणार होत्या आणि दप्तरं सगळी वर्गात. मुख्याध्यापिका एकेक वर्ग आत सोडणार होत्या, दोन मिनिटांत दप्तर उचलून बाहेर. मी म्हणाले, नाही म्हणून सांग. त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, दीड तास ऐकलं तुमचं, आता पालकांना काय उत्तर देऊ? मला फोनमधून ऐकू आलं, “पाचवी, उठा. उंचीप्रमाणे रांग.”

उंचीप्रमाणे. म्हणजे सगळ्यांत पुढे टिकली.

“दारात उभा राहा,” मी ओरडले. ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले, साहेब केबिनच्या दारात आले. “कोणाला आत जाऊ देऊ नकोस. मार खा, पण दारात उभा राहा.” पळण्याचा आवाज आला. मग मुख्याध्यापिका, तुम्ही बाजूला व्हा. मग धाकटा, नाही होणार. शिपायाला बोलवा म्हणाल्या त्या. मुलांची कुजबुज. कोणीतरी म्हणालं, बाबा, सगळे बघतायत. तो टिकलीचा आवाज होता, रडवेला, आणि अगदी जवळून.

मग धाकटा म्हणाला, “ताई—”

आमच्याकडे यंत्रांची माहिती दहा-दहा सेकंदांच्या गठ्ठ्यांनी येते. पडदा अजून शांतच होता. मी डोळ्यांनी शांत रेघ बघत होते आणि कानात आवाज येत होता. आधी खोल गुरगुर, मग दगडावर दगड, मग तीनशे मुलांचा एकच आवाज. त्याला शब्द नव्हता. मग पडद्यावरच्या नऊच्या नऊ रेघा एकदम काळ्या झाल्या, वरपासून खालपर्यंत, आणि पाठोपाठ माझी खुर्ची हलली, दिवा डोलला, साहेबांच्या टेबलावरून बशी पडून फुटली. खिडकीच्या काचा थरथरत राहिल्या. तीन वाजून एक्कावन्न मिनिटं.

फोन चालू होता. त्यातून खरखर येत होती आणि लांबवर रडणं. मी हाका मारत राहिले. किती वेळ ते घड्याळाला विचारायला हवं, मला सांगता येणार नाही. मग खोकल्याची उबळ आली.

“भिंत गेली,” धाकटा म्हणाला. “पाचवीची. छतासकट. नुसता धुरळा आहे.”

“मुलं?”

“बाहेर आहेत. सगळी बाहेर आहेत. आम्ही पायऱ्यांवरून खाली पडलो. बाई हजेरी घेतायत.”

“टिकली?”

“आहे, ताई. आहे माझ्याजवळ.”

तोच आवाज. तोच सहजपणा, धापेतसुद्धा. आमचाच, ताई. कसा होता? एकशे त्रेसष्ट वेळा याच आवाजाने मला हो सांगितलं होतं आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावून पुढच्या ओळीवर गेले होते. ती रांगेत पहिली होती. दारापासून हातभर. तो मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

“फोन तिच्याकडे दे,” मी म्हणाले.

“ताई, आहे म्हटलं ना.”

“तू नको सांगूस. तिला बोलू दे.”

मी त्याला किती जोरात मारलं हे मला तिथूनही कळलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. फोनची खुडबूड झाली. मग एक लहान श्वास ऐकू आला, भरभर, नाकात धूळ गेल्यासारखा. मागे हजेरीचे आकडे चालले होते, एकोणीस, हजर, वीस, हजर. मी पडदा, नोंदवही, साहेब, सगळं विसरून तो श्वास ऐकत राहिले.

“आत्या,” टिकली म्हणाली, “बाबा खरं सांगतायत.”